आठवा नमुना

१४ मार्च २०१७, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे. चाचणीकक्षाच्या टेबलावर आठ नमुने असायला हवे होते. सात होते.

त्या कारखान्यात सिलिकॉनचे कृत्रिम स्तन तयार होत. कर्करोगामुळे ज्यांचा स्तन काढावा लागतो, अशा स्त्रियांच्या छातीत बसवायच्या, जेलने भरलेल्या पिशव्या. प्रत्येक खेपेतल्या आठ पिशव्या चाचणीयंत्राखाली जात. यंत्र त्यांना रात्रंदिवस दाबी आणि सोडी. नियमाचा आकडा ओलांडल्यावरही, फाटेपर्यंत. या खेपेतल्या सात फाटल्या. आठवी फाटली नाही. शेवटी यंत्राचाच पट्टा तुटला. तिचे कवच कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे होते, परंतु सूक्ष्मदर्शक दुरुस्तीला गेला तो तीन महिने परतला नाही. आज परतला होता.

चाचणीप्रमुखाला सगळे मास्तर म्हणत. मास्तरांनी तिसऱ्यांदा कपाट उघडले, तेव्हा दारात पॅकिंग विभागातली धाकटी उभी होती. बोलताना सदानकदा थोरल्या बहिणीचा विषय काढी, म्हणून तिला हे नाव पडले होते.

"काय हरवलं, मास्तर? चष्मा असेल तर डोक्यावर आहे."

"पैलवान हरवला."

आठव्या पिशवीचे हे नाव मास्तरांनीच ठेवले होते. चहाच्या सुट्टीत ते तिचे पोवाडे गात. यंत्राने हात टेकले, पण गडी हटला नाही, हे वाक्य तर साऱ्या कारखान्याला पाठ झाले होते.

धाकटीने दार लोटून घेतले. "शोधू नका. पैलवान सुखरूप आहे. ताईकडे आहे."

ताई कोण ते मास्तरांना ठाऊक होते. आई गेल्यावर हिला तळहाताच्या फोडासारखी जपणारी थोरली बहीण. डिसेंबरात तिचा डावा स्तन काढावा लागला आणि त्याच शस्त्रक्रियेत पिशवी बसवली गेली. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना कारखाना पिशवी विनामूल्य देई. तो खोका रुग्णालयात धाकटीनेच नेऊन दिला होता.

"त्या खोक्यात पैलवान होता?"

"मग काय! नवी करकरीत पिशवी आतून कशी निघेल, कोणी सांगावं? मी नवी मोडीत टाकली आणि तिचं लेबल पैलवानाला लावलं."

मास्तर स्टुलावर बसले. "निर्जंतुक केलास?"

"अहो, बावीस वर्षं दुसरं काय करतेय? धुतला, दुहेरी वेष्टन केलं, नव्या खेपेबरोबर निर्जंतुक करायच्या यंत्रात घातला. मापही तेच, वजनही तेच. डॉक्टरांना काडीचा संशय आला नाही." तिचा आवाज खाली आला. "चोरी म्हणायची तर म्हणा. कामावरून काढा. पण माझ्या ताईला मी तावून सुलाखून निघालेलं दिलंय. दुसरं काही दिलं असतं, तर मला झोप लागली नसती."

मास्तरांनी टेबलावरची एक फाटकी पिशवी उचलली. तिच्या चिरेवरून अंगठा फिरवला.

"शाळेत पास झालेलं पोर वरच्या वर्गात जातं," ते म्हणाले. "इथे पास होण्यातच जीव जातो. छातीत कित्येक वर्षांत जेवढा दाब पडेल, तेवढा हे यंत्र काही आठवड्यांत देतं. या सातजणींचं आयुष्य संपलं, म्हणून त्या फाटल्या. आठवीचं त्यांच्याहून जास्त खर्ची पडलंय. तू ताईला पैलवान नाही दिलास गं. मरायला टेकलेला म्हातारा दिलास."

धाकटीने टेबलावरच्या फाटक्या पिशव्यांकडे पाहिले.

"पण तिला काही त्रास नाही. फाटली असती तर कळलं नसतं का?"

"पुष्कळदा नाही कळत. दुखत नाही, आकारही तसाच राहतो. आतली चीर सोनोग्राफी किंवा एमआरआय केल्याशिवाय दिसत नाही."

"हे तुम्ही चहाला कधी सांगितलं नाहीत, मास्तर."

मास्तरांनी टेबलावरचा फोन तिच्यापुढे सरकवला.

तिने फोन लावला. पलीकडचा खणखणीत आवाज मास्तरांनाही ऐकू आला.

"डॉक्टरकडे? आज? अगं, मी ठणठणीत आहे! काल दोन बादल्या कपडे पिळून वाळत घातले. सख्ख्या अंगानं दिली नसती अशी साथ देतेय तुझी पिशवी."

"ताई, तू रिक्षा कर आणि ये. मी दवाखान्याच्या दारात थांबते. मग तुला काय मारायचं ते मार."

तपासणी त्याच दुपारी झाली. शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी सकाळी. पिशवीच्या तळाशी बोटभर लांब चीर होती. शल्यविशारदांनी सांडलेले जेल हाती लागेल तेवढे पुसून काढले; काखेकडे सरकलेले त्यांना काढता आले नाही. ताईने नवी पिशवी बसवून घेतली नाही. शुद्धीवर आल्यावर तिने बहिणीचा हात हातात घेतला.

तीन दिवसांनी पिशवी कारखान्यात परत आली. बसवताना तिचे वजन तीनशे दहा ग्रॅम होते. मास्तरांनी फाटके कवच, आतले जेल आणि पुसून काढलेले जेल एकत्र तराजूवर ठेवले.

दोनशे एक्क्याण्णव.