जखमेची जागा

"लढाईत जखमी झाल्याचं पदक माझ्या सेवेच्या नोंदीत चढवायचं राहिलंय," बायकोला सोबत घेऊन आलेला म्हातारा सैनिक म्हणाला.

नव्या साहेबांनी मानही वर केली नाही. "जखमेचा पुरावा?"

"अंगावरच आहे."

"मग दाखवा."

"गोळी बसायच्या जागी लागली होती, साहेब." म्हातारा उठून पाठमोरा झाला आणि पट्टा सोडू लागला. पलीकडच्या टेबलावरच्या बाई चहा तसाच टाकून बाहेर पळाल्या.

"राहू द्या, राहू द्या," म्हणत साहेबांनी घाईघाईने मंजुरीचा शिक्का मारला.

जिना उतरताना बायको कुजबुजली, "अहो, गोळी तर खांद्याला लागली होती ना?"

"खांद्यालाच," पट्टा आवळत तो म्हणाला. "पण खांदा सगळे साहेब निवांत बघतात आणि म्हणतात, पुढच्या महिन्यात या."