झऱ्याचं पाणी

रादोइकानं तबक टेबलावर ठेवलं. पाकातल्या रानस्ट्रॉबेरींची काचेची वाटी, चार चमचे, चार पेले पाणी. पाणी घरामागच्या झऱ्यावरून आत्ताच भरून आणलेलं. पेल्यांवर बाहेरून दव धरलं होतं.

"घ्या विहीणबाई," ती वेरित्साला म्हणाली. "असं पाणी तुमच्या शहरात मिळायचं नाही. दात शिवशिवतात."

दुन्यानं आईकडे, वेरित्साकडे पाहिलं. गुरुवारी सलाइन लागलं होतं, आज रविवार. नर्सनं कागदावर सगळं लिहून दिलं होतं. पाच दिवस गार काही प्यायचं नाही, गार वस्तूला उघडा हात लावायचा नाही, घराबाहेर पडताना तोंडावर रुमाल, अडतीसच्या वर ताप गेला तर लगेच फोन. दुसऱ्या सलाइननंतर वेरित्सा विसरून नळाचं पाणी प्यायली होती. घसा असा आवळला की तिला वाटलं श्वासच बंद झाला. श्वास चालू होता, पण ते तिला पटायला दहा मिनिटं लागली.

"उन्हाळा तोंडावर आला आणि हातमोजे?" रादोइका हसत म्हणाली. "आमच्या घरात थंडी वाजते की काय?"

"वारा सोसत नाही मला," वेरित्सा म्हणाली.

ते खोटं नव्हतं. जन्मभर ती घरातल्या खिडक्या लावत फिरली होती, वाऱ्याच्या झोतानं माणूस मरतं म्हणून. दुन्या तिला हसायची. आता दवाखान्यानंच ते लिहून दिलं, तेव्हा वेरित्सानं तो कागद फ्रिजच्या दारावर लावला होता, प्रमाणपत्रासारखा.

तिनं चमचाभर मुरंबा तोंडात घातला, डोळे मिटले, चव घेतली. "साखर बेताची आहे. हात चांगला आहे तुमचा." मग चमचा हातातच धरून बसली. रीत सगळ्यांना ठाऊक होती. मुरंब्यावर पाणी प्यायचं आणि चमचा पेल्यात सोडायचा. रादोइकाच्या मुलानं, उरोशनं सोडला होता, दुन्यानंही.

"काकू, मला फार तहान लागलीय," दुन्या म्हणाली आणि आईच्या पेल्याकडे हात नेला.

"तुझा पेला तुझ्यापुढे आहे, पोरी. हवं तर आणखी आणते. आईचा कशाला पळवतेस?" रादोइकाच्या आवाजातलं हसू कमी झालं होतं. "आमच्या डोंगरात मुरंबा खाऊन पाणी तसंच ठेवणारा पाहुणा एकच. ज्याला सोयरीक नको असते तो."

उरोशनं मान खाली घातली. त्याला सगळं माहीत होतं. गाडीत वेरित्सानं दोघांनाही बजावलं होतं: त्या घरात आजाराचं नाव काढायचं नाही. मी मुलीची आई म्हणून जातेय. दयेनं होकार नको आणि भीतीनं नकारही नको.

वेरित्सानं उजव्या हातातला मोजा काढला. एक बोट पेल्याला लावलं आणि विस्तवाला लागल्यासारखं मागे घेतलं. दुन्या अर्धी उठली. आईनं तिला नुसत्या नजरेनं खाली बसवलं.

"रादोइका," ती म्हणाली, "हे पाणी मला आज पिता येणार नाही. आणि तुमच्या घरचं पाणी प्यायल्याशिवाय मी उठणारही नाही. आता काय ते तुम्ही बघा."

"म्हणजे?"

"आतड्याचा कॅन्सर आहे. ऑपरेशन झालं. आता शिरेतून औषध चाललंय. चार झाली, चार राहिली. त्यानं पाच दिवस गार पाणी घशात काट्यांसारखं लागतं. बाकी मी ठीक आहे. जेवते, भांडते."

रादोइकानं आधी दुन्याकडे पाहिलं, मग आपल्या मुलाकडे. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

"कोमट चालतं?"

"चालतं."

ती पेला उचलून स्वयंपाकघराकडे वळली, आणि दोन पावलांवर थांबली. पाहुण्यापुढे ठेवलेलं पाणी परत आत न्यायचं नसतं. ती मागे आली, खुर्ची ओढून वेरित्साच्या शेजारी बसली, आणि पेला दोन्ही तळव्यांत घट्ट धरला.

"लागेल थोडा वेळ," ती म्हणाली. "तोवर तारखेचं बोलू. उरोश, ते भिंतीवरचं कॅलेंडर काढ. माझे हात गुंतलेत."

उरोशनं कॅलेंडर टेबलावर पसरलं.

"जुलैत रास्पबेरीची तोडणी," रादोइका म्हणाली. "तेव्हा माझ्या नवऱ्याचं श्राद्ध असलं तरी मी यायची नाही."

"बाबा जिवंत आहेत, आई."

"म्हणूनच म्हटलं. चौदा ऑगस्टपासून चर्चचा उपवास, तेव्हा लग्नं लागत नाहीत. तुमचं काय, विहीणबाई?"

"माझं दर तिसऱ्या गुरुवारी सलाइन. पुढचा पहिला रविवार वाईट, दुसरा बरा, तिसरा माझा." वेरित्सा उघड्या बोटानं गुरुवार मोजत गेली. पाच जून, सव्वीस जून, सतरा जुलै, शेवटचं सात ऑगस्ट. बोट जरा बधिर होतं, दोनदा घर चुकलं. तिनं ते तिसऱ्यांदा नीट ठेवलं. "तीन ऑगस्ट."

"तोडणी संपलेली, उपवास लागायचा," रादोइका म्हणाली. "पोरांना चालेल?"

पोरांना विचारलंय हे पोरांच्या लक्षात यायला एक क्षण लागला.

"त्या दिवशी मला हेच पाणी द्या," वेरित्सा म्हणाली. "झऱ्याचं. असंच गार."

"देईन." रादोइकाची बोटं लाल झाली होती. तिनं पेला आणखी जवळ, छातीपाशी घेतला. "आज मात्र थांबा जरा. अजून गारच आहे."