मांजरासाठी

मांजर सकाळीच आलं, टोपलीतून. आल्या आल्या त्याने सोफ्याचा कोपरा गाठला, अंगाचं मुटकुळं केलं आणि डोळे मिटले. निदान एखाद्या वायरीकडे नुसतं बघ तरी, असं लेक मनातल्या मनात त्याला विनवत होती.

"हे वायरी चावतं म्हणतेस?" बाबांनी चष्मा कपाळावर चढवत विचारलं.

"चावतं म्हणजे! मैत्रिणीच्या घरात एक चार्जर शिल्लक ठेवला नाही त्याने. वैतागून तिने इकडे पाठवलंय. आता घरभर सगळे सॉकेट झाकावे लागतील, बाबा. एखाद्यात पंजा घातला म्हणजे?"

खोटं बोलायची तिला सवय नव्हती, त्यामुळे ते जरा जास्तच झोकात झालं. मांजर तिनेच मैत्रिणीकडून मागून आणलं होतं.

बाबांची उभी हयात लोकांच्या घरांत वायरिंग करण्यात गेली होती. टेस्टर न घेता बोटाची मागची बाजू लावून करंट आहे की नाही ते बघायचं, ही त्यांची जुनी खोड. पूर्वी ती खपून जायची, कारण त्याआधी मेन स्विच बंद केलेला असायचा. हल्ली तो बंद केला की नाही, हेच त्यांना आठवत नसे. गेल्या आठवड्यात धप्पकन आवाज झाला म्हणून लेक शिवणयंत्र सोडून धावली, तर बाबा भिंतीशी पडलेले, वर उघडा सॉकेट, आणि स्क्रू अजून त्यांच्या मुठीत. "पाय घसरला," म्हणाले. फरशी तर कोरडी ठणठणीत होती.

आता वायरींना हात लावू नका, हे या माणसाला कोणत्या तोंडाने सांगायचं? तिला ते जमेना. म्हणून मांजर.

बाबा सोफ्यावर टेकले. मांजराची हनुवटी धरून त्यांनी अंगठ्याने त्याचा ओठ वर केला. मांजराने काही हरकत घेतली नाही. आत सगळ्या हिरड्याच. कडेला एक सुळा होता, तोही हलता. चार्जर राहू दे, दुधात भिजवलेला ब्रेड संपवायलाही त्याला अख्खी दुपार लागली असती.

मैत्रिणीने एवढं तरी सांगायला नको का, असं लेकीला वाटलं. बाबांनी ओठ सोडला, मांजराच्या कपाळावरून बोट फिरवलं आणि थोडा वेळ ते लेकीकडे बघत राहिले.

"डांबिस दिसतंय," ते म्हणाले. "झाकणं पुरेशी आणलीस ना?"

बाबांच्या लक्षात आलेलं नाही, असं लेकीने ठरवूनच टाकलं.

मग दोघं कामाला लागली. म्हणजे हात तिचे आणि तोंड बाबांचं. मेन स्विच तिने बंद केला. बाबांनी "मेन बंद केलास?" असं विचारलं, ती "केला" म्हणाली, आणि एका भिंतीचं काम होईस्तोवर त्यांनी तेच पुन्हा विचारलं. तिनेही पुन्हा तेच सांगितलं, पहिल्यांदाच सांगावं तसं.

"अगं, ती वायर लोंबती सोडू नकोस. लोंबती वायर म्हणजे मांजराला खेळणं. भिंतीला धरून ने, क्लिपा जवळजवळ मार. लॅम्पची कपाटामागून घे. आणि तुझ्या मशीनची पिनच उपटून ठेवत जा काम झालं की. नुसतं बटण बंद करून भागत नाही."

शेवटच्या सॉकेटचं झाकण बसवायला मात्र ते स्वतः पुढे सरसावले. बोट आपसूक वाकलं, मागची बाजू पुढे झाली, आणि सॉकेटपाशी पोचता पोचता थांबलं. बाबांनी हात मागे घेऊन खिशात घातला.

"तूच बसव," ते म्हणाले. "मांजर बघतंय. नको त्या खोडी शिकेल."

मांजर गाढ झोपलं होतं. स्क्रू पिळताना लेकीने मान वर केली नाही.

सगळं आटोपल्यावर तिने मेन चालू केला, चहा टाकला आणि बाबांपुढे कप ठेवला. "सुटलो बाबा. आता मांजराची काळजी नाही."

"एक राहिलं." बाबा चहा तसाच ठेवून बाहेरच्या दारापाशी गेले. "इथे वरच्या अंगाला एक कडी लाव. तू आंघोळीला गेलीस, मशीनवर बसलीस, की हे सटकेल बाहेर. मग घर सापडायचं नाही त्याला."

ती हसली. "मांजराला न सापडायला काय झालं? गोणीत घालून लांब सोडून आलं तरी दारात हजर होतं ते."

"हे नाही होत," बाबा दाराकडेच बघत म्हणाले. "परवा नव्हतं सापडलं त्याला."

परवा बाबा कोपऱ्यावरच्या दुकानात दाढीचं ब्लेड आणायला गेले होते. दुपारी गेले ते दिवेलागणीला परतले. जुना दोस्त भेटला, म्हणाले होते. ब्लेड आणलंच नव्हतं.

लेकीने आपला कप खाली ठेवला.

"किती वर लावू?" तिने कसंबसं विचारलं.

बाबांनी टाचा उचलल्या. हात दारावर जाईल तेवढा ताणला आणि बोटं टेकवून तसेच उभे राहिले.

"इथवर पोचतं ते," ते म्हणाले. "याच्या वर लाव."