गार पाणी

चायनीजच्या गाडीवरून व्हिनेगरच्या तीन बाटल्या घेऊन वंदना मॅडम धावत कलाबाईंच्या अंगणात आल्या, तोवर गाय आडवी झाली होती. उंद्रीसारख्या खेड्यात व्हिनेगर दुसरीकडे कुठे मिळणार? गाईच्या तोंडाला फेस होता, पोट टम्म फुगलं होतं. कलाबाई तिच्या अंगावर ओली गोणपाटं टाकत होत्या.

जनावरांच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, तसं मॅडमनी व्हिनेगर पाण्यात मिसळून पाजलं. अर्धं बाहेर आलं. दुसरी बाटली उघडेपर्यंत गाईने पाय ताणले. सात महिन्यांची गाभण होती. आजी-नातीचं घर तिच्याच दुधावर चालायचं.

"ऊन लागलं तिले," कलाबाई म्हणाल्या. "मी कांदे काढायले गेल्ती. हे इथंच बांधेल होती, भर उन्हात."

त्यांची नात राखी भिंतीला टेकून उभी होती. तासाभरापूर्वी हीच अनवाणी पायांनी मॅडमच्या दारात आली होती आणि जे आजीला सांगितलं नव्हतं ते सगळं मॅडमना सांगून बसली होती.

गेल्या आठवड्यात दहावीच्या जादा तासाला मॅडमनी ग्लासभर पाण्यात दोन चमचे युरिया टाकला आणि ग्लास वर्गभर फिरवला. विरघळताना हा पाण्यातली उष्णता ओढून घेतो, म्हणून पाणी गार पडतं. उष्माग्राही. पोरं हरखली. मॅडमही हरखल्या, खोटं कशाला बोला. शाळेत प्रयोगशाळा नाही, निदान हे तरी पोरांच्या हाताला लागलं, असं त्यांना वाटलं. हे पाणी विषारी आहे, एवढं एक वाक्य तेवढं सांगायचं राहिलं.

आज राखीने घमेल्यात सात-आठ ओंजळी युरिया कालवला आणि त्यात पाण्याची कळशी ठेवली. आजी उन्हातून येईल, तिला फ्रिजसारखं पाणी मिळेल. कळशी गार झाल्यावर तिने ती ओल्या फडक्यात गुंडाळून आत नेली. घमेलं तिथेच राहिलं, गाईचं तोंड पोचेल एवढ्या अंतरावर. आता ते रिकामं होतं. काठाला पांढरी रेघ सुकली होती. पोटात गेलेल्या युरियावर व्हिनेगर हाच उतारा, असं डॉक्टर म्हणाले होते.

राखी मॅडमजवळ सरकली.

"मॅडम, पाणी आटवलं का युरिया वापस भेटते, तुमीच सांगतलं होतं."

"हो."

"मंग गाईतून काऊन नाही काढता येत?"

बावीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या बाईने उघड्या बाटलीला झाकण लावलं.

"आजीले सांगू नका," राखी पुटपुटली. "माही शाळा बंद करन ते."

मॅडमनी मान डोलावली. पोरीच्या शाळेसाठी, की स्वतःच्या बचावासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पायाने त्यांनी ते घमेलं भिंतीकडे सरकवून पालथं घातलं.

कलाबाईंनी पदराने गाईच्या तोंडाचा फेस पुसला. मग उठल्या, हात धुतले.

"राखे, मॅडम कवाच्या धावून राह्यल्या. पाणी दे त्याइले."

राखी जागची हलली नाही. कलाबाई स्वतःच आत गेल्या आणि कळशीतून ग्लास भरून घेऊन आल्या.

"घ्या. पोरीनं माह्यासाठी गार केलं. कसं केलं ते सांगत नाही, म्हणे मॅडमनं शिकवलं." त्या गाईकडे बघत राहिल्या. "याच्यातलं घोटभर तिले भेटलं असतं, तं वाचली असती."

वंदना मॅडमनी ग्लास तोंडाला लावला. पाणी खरंच गार होतं.