इंजिन कुणाचं?

वडील गेले आणि त्यांचं मॉडेल विमानाचं जुनं, छोटंसं डिझेल इंजिन कुणी घ्यायचं यावरून सोमलिंग आणि शिवकुमार या सख्ख्या भावांचं बोलणंच बंद झालं. शेवटी सत्त्याण्णव साली भरलेल्या मॉडेल विमानांच्या स्पर्धेत जिंकेल त्याचं इंजिन, असं आईनं ठरवून टाकलं. हातात धरलेल्या तारांना बांधलेली विमानं गोल फिरवत एकमेकांच्या विमानामागं बांधलेली कागदी शेपटी आपल्या विमानानं कापायची आणि इंधन संपेपर्यंत मैदानाच्या मधोमध उभं राहायचं, असा खेळ.

विमानं कोकलत सुटली. खांद्याला खांदा घासत दोघे भाऊ गरागरा फिरू लागले. मैदान, माणसं, आभाळ सगळंच फिरायला लागलं तसं शिवकुमारला खदखदून हसू फुटलं. विमानं उतरली तेव्हा दोन्ही शेपट्या शाबूत होत्या. भाऊ मात्र झोकांड्या खात होते. पडू नये म्हणून दोघांनी एकमेकांना गच्च मिठी मारली.

"मिटलं गं बाई एकदाचं!" म्हणत कडेला उभी असलेली आई पदरानं डोळे पुसू लागली. लोकांनी टाळ्या पिटल्या.

"सोड की आता. माझं गरगरायचं थांबलंय," सोमलिंग कानात पुटपुटला.

"माझंबी कवाच थांबलंय," धाकटा शिवकुमार म्हणाला.



"पर गप धरून ऱ्हा, दादा. आई बघतीया."