रॅम्पची फीत

आमच्या साक्षीच्या शाळेत व्हीलचेअरसाठी रॅम्प बांधून तयार होता, पण त्याला आडवी फीत लावलेली. उद्घाटनाला साहेबांची तारीख मिळेना, म्हणून दोन महिने मी पोरीला खुर्चीसकट सात पायऱ्या उचलून चढवत होतो.

“हेडसर, तोवर पोरीला जाऊ द्या की त्याच्यावरून!”

“अहो पगारे, वापरलेल्या रॅम्पचं उद्घाटन करायचं? साहेब काय म्हणतील?”

सोमवारी मी द्वारका चौकातल्या दुकानांतून हार, नारळ अन् कात्री घेऊन शाळेत गेलो. साक्षीनं फीत कापली, पोरांनी टाळ्या पिटल्या अन् पोरगी सुसाट वर्गात. हेडसर ओरडतच धावत आले, पण मी पटकन हार त्यांच्याच गळ्यात घातला. मग काय, सवयीनं ते ‘दोन शब्द’ म्हणून वीस मिनिटं बोलले.

गुरुवारी साहेबांची पुढच्या महिन्याची तारीख आली. आता कोरं काहीतरी दाखवायला हवं, म्हणून हेडसरांनी घाईघाईत बाथरूमलाही रॅम्प बांधून घेतला अन् फीत लावली.



तीसुद्धा आम्ही साहेब यायच्या आदल्या दिवशीच कापणार आहोत, लायब्ररीचा रॅम्प अजून बाकी आहे ना!