वाढत्या अंगाची सायकल

"अगं, वाढत्या अंगाची घे!" तिसऱ्या दुकानात मी तेच कानीकपाळी ओरडत होते. फ्रॉक असो, चपला असोत, आमच्याकडे सगळं दोन बोटं मोठंच घेतात. सायकल काय दर वर्षी घ्यायची असते?

आणि नववीतली, ताडमाड वाढलेली आमची लेक बसली होती सगळ्यांत बुटक्या सायकलवर! गिअरची परवडणार नाही, हे तिने घरीच मुकाट मान्य केलं होतं. पण म्हणून सर्कशीतल्या अस्वलासारखं शाळेत जायचं?

"हिला पुढे बास्केट आहे," ती म्हणाली. "तुझी पिशवी मावेल."

"माझ्या पिशवीचा इथे काय संबंध?" माझं डोकंच फिरलं.

तिने उतरून हँडल माझ्या हातात दिलं. "माझी शाळा बाराला सुटते. तू दुपारी उन्हातून पाळणाघरात कामाला चालत जातेस. बस बघू."

"मला कुठे येते सायकल?"

"शिकवते. माझ्यासाठी सीट वर करता येईल. तुझी उंची थोडीच वाढणार आहे?"

दुकानदार गालातल्या गालात हसत होता. मी रागारागाने पदर खोचला आणि बसले.

दोन्ही पाय टेकले.